नांगर काढायला माणूस खाली पाठवण्याआधी

मालवण, दांडी, तारकर्ली आणि देवबाग इथल्या स्कुबाच्या सर्व होडीमालकांस,

सप्रेम नमस्कार.

हंगामाच्या शेवटी अडकलेला नांगर काढायला उतरून गेलेल्या आपल्या गाईड दोस्ताच्या नावानं यंदा क्रिकेटचा चषक ठेवायचं घाटतंय, वर्गणीही गोळा व्हायला लागलीय, असं जेटीवर ऐकलं. चषकाला माझी अजिबात ना नाही. तो डावखुरी फिरकी टाकायचा, नो-बॉलवरून अंपायरशी तास तास हुज्जत घालायचा आणि रात्री हरलेल्या टीमलाही वडे-सागोती खायला घेऊन जायचा. त्याच्या नावानं लाइटखाली मॅच रंगल्या तर मलाही बरंच वाटेल. पण चषकाच्या बॅनरवर त्याचा फोटो छापण्याआधी काही गोष्टी तुमच्यापुढं मांडायच्या आहेत. जेटीवर बोलायला गेलं की कुणाला तरी फोन येतो, कुणाची तरी पार्टी येते आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहून पाठवतोय.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. वहिनी नको म्हणाल्या. मुलगी शाळेत जाते. बापाचं नाव लोकांच्या मोबाइलवर फिरताना तिला दिसू नये, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. ज्या होडीवरून तो शेवटचा उतरला तिचं किंवा तिच्या मालकाचंही नाव घेणार नाही. त्या जागी तुमच्यातलं कुणीही असू शकलं असतं. त्या दिवशी जे झालं ते आपल्याकडं रोज होतं. रोज माणूस वर येतो, एवढाच फरक.

तुमच्यातले काही जण गेल्या दोन-तीन वर्षांत या धंद्यात आलेत, त्यांची त्याची ओळख 'तो मोठ्यानं हसणारा' एवढीच असेल. तो गाबताचा, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातला, पोर. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर ओढत लहानाचा मोठा झाला. शाळा सुटली की किल्ल्यामागच्या खडपांवर शिनाणे, म्हणजे शिंपले, काढायला बुडी मारायचा, तीही नुसत्या छातीतल्या हवेवर. पुढं मालवणात स्कुबा आलं तेव्हा ज्या पोरांनी पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा तुकडा, धरला त्यांच्यात तो होता. रीतसर कोर्स केला, सर्टिफिकेट मिळवलं. ते घरी नेऊन दाखवलं तर आई म्हणाली, "पाण्यात बुडूक पण आता कागद लागता?" हा किस्सा तो प्रत्येक नव्या गाईडला सांगायचा आणि लगेच गंभीर होऊन म्हणायचा, की लागतो बाबा, कागद लागतो.

घाबरलेलं गिऱ्हाईक कसं खाली न्यावं हे त्याच्याकडून शिकावं. सोलापूरकडच्या एक आजी आल्या होत्या. नातवंडांनी हट्टानं कपडे चढवलेले, पण पाण्यात पाय टाकताच त्यांनी होडीची कड जी धरली ती सोडेनात. दुसरा कुणी असता तर दोन मिनिटं समजावून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला असता. यानं आजींना मास्क लावला आणि कड न सोडता फक्त तोंड पाण्यात घालायला सांगितलं. खाली जायचं नाव नाही. त्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला लागल्या, तेव्हा त्यानं आपला तळवा उताणा करून त्यांच्या हाताखाली नुसता ठेवला. धरला नाही. थोड्या वेळानं आजींनी आपणहून त्याचा हात धरला आणि कड सुटली. मग हळूहळू खाली. दर दोन हातांवर थांबायचं, नाकाकडं बोट दाखवायचं, कान मोकळे झाले की अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ, की पुढं. तळाशी एका खडपाच्या खबदाडात बसलेला गोब्रा मासा दाखवला त्यांना. बिस्किटं टाकून मासे जमवायचा आपल्याकडचा प्रकार त्याला कधीच आवडला नाही. "मासो काय कुत्रो हा, बिस्कीट खावक?" असं म्हणायचा. त्या वादात मी इथं शिरत नाही.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला एक वाक्य तो न चुकता सांगायचा. समोर मुंबईचा साहेब असो की कोल्हापूरचा पैलवान, वाक्य मालवणीतच. "बाकी सगळा विसारलास तरी चलात, पण श्वास कोंडू नको."

आता त्या दिवसाचं. हंगामाचे शेवटचे दिवस होते. मेअखेरीस समुद्र बंद होणार म्हणून त्या आठवड्यात आपल्या होड्या कशा पळतात ते मी तुम्हाला काय सांगणार. सकाळपासून तो माणसं खाली-वर करत होता. चारच्या सुमाराला शेवटची पार्टी उतरली, आणि बाहेरच्या खडपावर एका होडीचा नांगर अडकलाय, दोर ओढून येत नाही, असा निरोप आला. वारा वाढला होता. पाणी अकरा वाव, म्हणजे वीस मीटर. होडीत जे सिलिंडर होते ते सगळे दिवसभर वापरलेले. त्यातल्या त्यात बऱ्याचा गेज, म्हणजे हवेचा दाब दाखवणारा काटा, साठ बार दाखवत होता, असं होडीवरच्या पोरानं मला सांगितलं. भरलेला सिलिंडर जेटीवर होता. तो आणायचा म्हणजे अर्धा तास. "पाच मिनिटांचं काम आहे," असं कुणीतरी म्हणालं. तो एकटा उतरला.

नांगराच्या दोराला जुन्या जाळ्याचं तंगूस, म्हणजे नायलॉनची तार, गुंडाळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दोर वर काढला तेव्हा मी पाहिला. तंगूस अर्धं कापलेलं होतं, सुरीचे घाव स्वच्छ दिसत होते. म्हणजे खाली त्यानं काम केलं, आणि घाईनं केलं. वर आला तो होडीपासून बराच लांब, आणि उसळी मारून. पोरानं हाक मारली. त्यानं हात वर केला आणि लगेच मान टाकली. पोरगं उडी मारून त्याच्यापर्यंत पोचलं, दोघातिघांनी मिळून त्याला होडीत घेतलं. होडीवर ऑक्सिजन नव्हता. जेटी, तिथून १०८ ची गाडी, तिथून दवाखाना. त्याच्या आधीच सगळं संपलं होतं. कागदावर 'पाण्यात बुडून मृत्यू' असं आलं.

मयताला तुम्ही सगळे होता. तिथं आणि नंतर बाराव्यापर्यंत एकच वाक्य ऐकत होतो: दर्यानं नेलं. त्याची वेळ भरली होती. एवढा पाण्यातला मासा, त्याला काय होणार होतं, पण दर्याच्या मनात आलं. आपण दर्यावर जगणारी माणसं, असं बोलणं आपल्या रक्तात आहे आणि दुःखात तेवढाच आधार असतो, हे मान्य. पण मालकांनो, आपल्या धंद्यात हवा मोजून मिळते. हिशेब करता येतो. तो एकदा तरी करूया.

आपला नेहमीचा सिलिंडर अकरा लिटरचा. त्यात साठ बार म्हणजे ६६० लिटर हवा. पाण्यावर शांत बसलेला माणूस मिनिटाला वीस लिटर धरा. वीस मीटर खाली दाब तिप्पट, म्हणून तिथं तोच शांत माणूस मिनिटाला साठ लिटर खातो. म्हणजे अकरा मिनिटं. ऐकायला बरं वाटतं. पण तो शांत बसलेला नव्हता. दिवसभर दमलेला माणूस ओढ असलेल्या पाण्यात नांगर उपटतोय, जाळं कापतोय. अशा कामात श्वास दुपटीवर, अडीचपटीवर जातो. पन्नास लिटरच्या हिशेबानं वीस मीटरवर मिनिटाला दीडशे. ६६० भागिले दीडशे: साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत. आणि वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको, म्हणजे वर यायलाच दोन मिनिटांहून अधिक. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, त्याचं तर नावच काढू नका. उरलं काय? खाली जाऊन, अडकलेली जागा शोधून, काम करायला दोन मिनिटं. पाच मिनिटांचं काम आणि दोन मिनिटांची हवा. दर्याचा यात काही हात नाही.

मी डॉक्टर नाही आणि कागदावर जे लिहिलंय त्यावर वाद घालायला हे पत्र नाही. पण पाण्यावर येऊन हात वर करतो आणि मग मान टाकतो, असा माणूस नुसता बुडालेला नसतो. वीस मीटरवर भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलं तर तीच हवा छातीत तिप्पट होते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. शुद्ध जाते ती पाण्यावर आल्यावर काही मिनिटांतच. स्कुबाच्या कुठल्याही पुस्तकात हे सुरुवातीच्या धड्यांत आहे. त्याला हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण तोंडातला रेग्युलेटर शेवटचा घोट देऊन बंद पडतो तेव्हा, ठाऊक असूनही, छाती आपोआप आवळते.

आणि हे काही आपल्याच किनाऱ्यावर घडत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या डॉक्टरांनी १९९२ ते २००३ या काळातले स्कुबातले ९४७ मृत्यू तपासले होते. सुरुवात कशानं झाली हे ज्यांच्यात नक्की कळलं, त्यातल्या ४१ टक्क्यांत हवा संपत आली होती आणि २० टक्क्यांत माणूस कशात तरी अडकला होता. उपकरण बिघडलं असे १५ टक्के. शार्क आणि बाकीची भुतं, ज्यांच्याबद्दल गिऱ्हाईक आपल्याला पहिला प्रश्न विचारतं, ती या हिशेबात शोधावी लागतात. संपत आलेली हवा आणि अडकणं. आपला दोस्त या दोन्हींत एकदमच सापडला.

माझं मुख्य म्हणणं आता सांगतो. नांगर काढणं, इंजिनाच्या पंख्यात अडकलेला दोर सोडवणं, हरवलेला मोबाइल किंवा अंगठी शोधणं, जाळं मोकळं करणं, ही कामं आपण काम म्हणून धरतच नाही. ती शेजारधर्मात जातात. गिऱ्हाइकाला पाच-सहा मीटरवर न्यायचं तर सिलिंडर बघतो, बेल्ट बघतो, एकाला एक गाईड देतो, वर होडीवर माणूस लक्ष ठेवून असतो. आणि त्याच गाईडला संध्याकाळी वीस मीटरवर उरल्यासुरल्या हवेवर एकटा पाठवतो, कारण तो आपलाच आहे, त्याला काय होतंय. शेजारधर्म मोडा असं मी म्हणत नाही. अडलेल्या होडीला मदत ही दर्यावरची रीत आहे आणि ती राहायलाच हवी. पण ती करताना भरलेला सिलिंडर, जोडीला दुसरा पाणबुड्या, दोघांकडं सुरी, आणि वारा वाढला असेल तर दोर कापून नांगराला बोया, म्हणजे तरंगती खूण, बांधून परत येणं, एवढं तरी ठरवूया. नांगर सकाळी तिथंच असतो. नवा घ्यायचा झाला तरी तो किती रुपयांना पडतो हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

दुसरी गोष्ट गाईडच्या अंगाची. गर्दीच्या दिवशी एक गाईड दहा-बारा माणसं खाली नेतो आणि वर आणतो. गिऱ्हाईक दिवसात एकदाच खाली-वर होतं, गाईड प्रत्येकाबरोबर. पाणी उथळ आहे म्हणून श्वासातल्या हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा साठत नाही, हे खरं. पण कान आणि फुप्फुसं प्रत्येक फेरीला दाब झेलतात, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो वरच्या दहा मीटरांतच, जिथं आपण दिवसभर असतो. सर्दी असली तरी मे महिन्यात सुट्टी कोण घेतो? नाकात थेंब टाकून उतरणारी पोरं तुम्ही पाहिली आहेत. कानातून रक्त आलं तरी 'पाणी गेला' म्हणून सांगतात. दिवसभर असं केल्यावर जेव्हा खोल जायची वेळ येते, तेव्हा तो ताजा माणूस नसतो.

मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा देश आहे. तिथल्या किनाऱ्यावर मिस्किटो जमातीची माणसं कंपन्यांच्या बोटींवरून लॉब्स्टर काढायला जातात. आपल्यासारखीच दर्याची माणसं, आपल्यासारखेच सिलिंडर. दिवसभर खाली-वर, गेज नाही, नोंद नाही, तपासणी नाही. कित्येक जण तरुणपणीच कमरेखाली लुळे झाले, कित्येक गेले. शेवटी ४२ पाणबुड्यांचं प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. देशाच्या सरकारनं आपली जबाबदारी मान्य केली, आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयानं तसा निकाल दिला. मालकांवर देखरेख ठेवणं सरकारचं काम होतं आणि ते झालं नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडं कुणी कोर्टात जावं म्हणून हे सांगत नाही. तिकडं पाणबुड्याला कामगार म्हणून कुणीतरी ओळखलं, एवढंच दाखवायचं आहे. ब्रिटनमध्ये तर पगार घेऊन पाण्याखाली उतरणारा प्रत्येक माणूस, हौशी लोकांना शिकवणारा इन्स्ट्रक्टरसुद्धा, कामगार पाणबुड्यांच्या १९९७ सालच्या नियमांत येतो. दरवर्षी डॉक्टरी तपासणी, प्रत्येक बुडीची नोंद. आपल्याकडं राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, नोंदणी आली, कागद आले. त्या कागदांत पर्यटक जागोजागी दिसतो. गाईडला आपण त्यात आणलं पाहिजे, सरकार आणेल तेव्हा आणेल.

२४ मे २०२२ तुमच्या लक्षात असेल. तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हा सगळा जिल्हा हलला, आणि हलायलाच हवा होता. आपला दोस्त गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या सुटल्या. यावर मी कुणाला दोष देत नाही. बुकिंग घेतलेलं होतं, माणसं पुण्याहून, बेळगावहून निघालेली होती. पण फरक मनात राहतो.

ऑक्सिजनबद्दल. बुडबुडे रक्तात गेलेल्या माणसाला होडीवर देता येण्यासारखं एकच औषध आहे, शुद्ध ऑक्सिजन, आणि ते सुरुवातीच्या काही मिनिटांत. आडवं झोपवायचं, घट्ट बसणारा मास्क लावायचा, मिनिटाला पंधरा लिटर, आणि जेटी येईपर्यंत थांबायचं नाही. प्रत्येक होडीवर सिलिंडर परवडत नसेल तर एका बाजूला चालणाऱ्या चार-पाच होड्यांत एक ठेवा, पण तो पाण्यावर असला पाहिजे, ऑफिसच्या कपाटात नाही. वर्षातून एकदा तरी तो उघडून दाखवला पाहिजे. नवी पोरं मास्क उलटा लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढचा प्रवास आठवा. आपल्याकडं काहीही गंभीर झालं की तोंडातून पहिला शब्द येतो बांबोळी, म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी रुग्णालय. बहुतेक आजारांना ते ठीकच आहे. पण बुडबुड्यांच्या या दाबाच्या आजारावर खरा इलाज होतो तो दाबकक्षात, म्हणजे आतला दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, आणि असे कक्ष नौदलाकडं आहेत. मुंबईत 'अश्विनी' रुग्णालयात आहे. मालवणहून मुंबई पाचशे किलोमीटर. आपल्यातल्या किती जणांकडं नौदलाच्या रुग्णालयाचा नंबर लिहिलेला आहे? आणि एक गोष्ट, जी मलाही कोर्समध्येच कळली: असा माणूस गाडीत घालून आंबोलीमार्गे किंवा फोंडाघाटानं वर कोल्हापूरला न्यायचा नाही. घाट चढलं की हवेचा दाब कमी होतो आणि अंगातले बुडबुडे फुगतात. नातेवाईक कोल्हापूरचे असतील तर ते तिकडंच न्या म्हणणार. तेव्हा जेटीवर ठामपणे नाही म्हणणारा एक तरी माणूस पाहिजे.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. होडीचं कर्ज, इंजिनाचं कर्ज, आठ-नऊ महिन्यांचा हंगाम, त्यातले खरे कमाईचे दिवस दिवाळी, नाताळ आणि मे. एजंटाचं कमिशन गेल्यावर हातात काय राहतं ते मी बघतो. आणि गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभं राहून भाजी घ्यावी तशी घासाघीस करतं, व्हिडिओ फुकट हवा, वर शेजारचा शंभर रुपये कमी सांगतो म्हणतं. अशा वेळी ऑक्सिजनचा खर्च कुठं काढायचा, हा प्रश्न खोटा नाही. पण म्हणूनच हे एकट्यादुकट्यानं होणार नाही. एकानं केलं तर त्याचा दर वाढतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं. सगळ्यांनी मिळून माणशी थोडे रुपये वाढवले तर कुणाचंच जात नाही. दर पडू नयेत म्हणून तुम्ही यापूर्वी एकत्र बसलेले आहात. त्याच खुर्च्या, तीच माणसं.

तुमच्यातल्या अनेकांनी वहिनींना पाकिटं दिली. कुणी किती दिले हे कुणालाच ठाऊक नाही आणि तसंच राहावं. पण विम्याचं काय झालं ते ऐका. बँकेच्या खात्यावरची अपघात पॉलिसी होती. एजंटानं कागद वाचून दाखवला. त्यात धोक्याचे साहसी खेळ वगळलेले, आणि स्कुबाचं नाव त्या यादीत. कामावर गेलेला माणूस कागदावर खेळाडू ठरला. तुमच्या गाईडच्या नावानं जी पॉलिसी असेल ती घरी जाऊन एकदा काढून बघा.

हे आत्ताच का, असं कुणी विचारेल. नौदलाची जुनी युद्धनौका 'गुलदार' निवतीच्या खडकांजवळ तळाशी नेऊन तिथं पाण्याखालचं पर्यटन उभं करायचा सरकारचा प्रकल्प तुम्ही सगळे जाणता. १९८५ साली नौदलात आलेली आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झालेली, जवळपास ८४ मीटर लांबीची नौका. मला तिचं मनापासून कौतुक आहे, आणि आपला दोस्त तर तिच्याबद्दल वेड्यासारखा बोलायचा. पण बुडालेलं जहाज म्हणजे किल्ल्याशेजारचं पाच मीटरचं पाणी नव्हे. तिथं दारं असतात, कोपरे असतात, आत गेलं की डोक्यावर पाण्याऐवजी लोखंड असतं, आणि काही वर्षांत जाळी येऊन अडकणारच. पर्यटक आज ना उद्या विचारणार, आणि न्यायला आपलीच पोरं जाणार. उरलेल्या हवेवर नांगर काढायची सवय घेऊन ती तिथं उतरली तर काय होईल ते सांगायला माझी गरज नाही. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबाची संस्था आहे, शिकायला खोल तलाव आहे. पावसाळ्यात पोरं रिकामी असतात. खोल पाण्याचं, सुटकेचं, ऑक्सिजनचं शिक्षण तेव्हाच होऊ शकतं. फी निम्मी मालकानं, निम्मी गाईडनं, असं काहीतरी जमवता येईल. गाईड लोकांशी मी बोललोय, ते तयार आहेत.

होड्या आता वर ओढलेल्या आहेत आणि सगळे घरी आहात. चषकाची बैठक नारळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आहे असं कळलं. त्या बैठकीत हा विषय पहिला घ्या आणि चषक दुसरा, एवढी विनंती. ऑक्सिजनच्या किटचे दोन ठिकाणचे भाव मी लेखी मागवलेत, ते घेऊन येतो. प्रत्येक गाईडसाठी एक छोटी वही छापावी असा विचार आहे: तारीख, किती वेळा खाली गेला, किती खोल, सर्दी-कान कसे, आणि शेवटी मालकाची सही. ज्यांना बैठकीला येता येणार नाही त्यांनी आपल्या होडीवर गाईड किती आहेत तेवढं तरी आधी कळवा, म्हणजे वह्या किती छापायच्या ते ठरवता येईल.

आपला,
तुमच्यातल्याच एका होडीवरचा गाईड
मालवण